आवाज बंद करून दाखवलेलं रीळ

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. हा राग धरला तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते मी. धरमपेठेतल्या मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात तुमच्या टॉकीजमध्ये खुनाचा पिक्चर बघायला आणलं होतं. पडद्यावर नुसता रिकामा जिना होता. मागे व्हायोलिनं किंचाळायला लागली आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळले. इंटरव्हलला तुम्ही प्रोजेक्टरच्या केबिनमधून खाली आलात आणि सोड्याच्या गाडीपाशी, सगळ्यांसमोर मला झापलंत. "काहून ओरडली वं? चाकू तं अजून दिसलाच नव्हता. ऑपरेटरची पोरगी अन् बाजाले भेते?" मैत्रिणी हसल्या. ते हसू मला वर्षभर पुरलं.

तेवढ्यावर भागलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या खेळाच्या आधी तुम्ही मला रिकाम्या थिएटरात एकटीला बसवलंत आणि तेच रीळ आवाज बंद करून चालवलंत. एक माणूस जिना चढतो आहे, बाई तोंड उघडते आहे, लाल रंग सांडतो आहे. मला चक्क जांभई आली. तुम्ही केबिनच्या झरोक्यातून ओरडलात, "पाहिलं? भेव पडद्यावर नाही, भोंग्यात हाये. भोंगा बंद, भेव बंद." जन्माची देणगी दिल्यासारखे खूश होतात. कसली देणगी, डोक्याला ताप दिलात नुसता. त्यानंतर मी एकही पिक्चर धड पाहिला नाही. माझ्या लग्नात सनई लागली, आई रडली, आणि मी कोरड्या डोळ्यांनी विचार करत राहिले, ही बंद केली तर काय उरेल?

तुमच्या शेवटच्या सकाळी घर शांत होतं. तुम्ही पाणी मागितलंत. मी पेला तुमच्या हातात देऊन दूध तापवायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाजा वाजलाच नाही तर मला कळणार कसं, तुम्हीच तर तसं शिकवलंत, असं मी इतकी वर्षं मनातल्या मनात तुम्हालाच सुनावते आहे.

हे पत्र कुठे पाठवायची सोय नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. पेला पडल्याचा आवाज आला होता. मी तो ऐकला होता. दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी मी ओट्यापाशीच उभी होते. मला भीती वाटली होती, बाबा.