राघूच्या काठाची चंद्रकळा

मुक्काम उनपदेव, धर्मशाळा
पौष शुद्ध पंचमी, शके १८५९
गुरुवार, ता. ६ जानेवारी १९३८

स्वारीच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे मी आणि तुमच्या भगिनी भिकुबाई सुखरूप आहोत. धुळ्यास आपली प्रकृती कशी आहे ते कळवावे. रात्री दूध घेता की नाही? दुकानातल्या गादीवर उघड्या डोक्यानं बसू नका, थंडी मेली हाडात शिरते.

चोपड्यापर्यंत सर्व्हिस मोटार बरी होती. पुढे अडावदच्या निंबाभाऊंच्या दमणीनं आणलं. त्या बैलगाडीनं माझी कंबर पार खिळखिळी केली. गुडघे बरे करायला निघाले आणि कंबर मोडून पोचले, असं म्हणायची वेळ आली. पण इथलं पाणी खरंच गुणाचं आहे. गोमुखातून सारखी कढत धार पडते, खाली कुंड, भोवती सागाचं रान. सकाळी बायकांची पाळी, दुपारनंतर पुरुषांची. दोन दिवस पाय सोडून बसले तर पायऱ्या चढताना आता ‘आई गं’ म्हणावं लागत नाही. ना चूल, ना दुकान, ना पाहुणा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एवढी निवांत मी कधी बसलेच नव्हते.

तुम्हीच हट्टानं धाडलंत. ‘वैद्यांनी सांगितलंय, संक्रांतीच्या आधीच जायचं, नंतर नको.’ मी म्हटलं, ऐन हळदीकुंकवाच्या दिवसांत दुकानाच्या बाईनं गावाबाहेर कसं राहायचं? तर माझ्यावरच डोळे वटारलेत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण तुमच्यापुढे माझी अक्कल चालते कुठे?

आता कालचं सांगते. एकदा वाचून कळलं नाही तर दोनदा वाचा.

काल सकाळी कुंडावर आम्ही सात-आठ जणी होतो. बोदवडच्या एक बेबाबाई आहेत, सरकीच्या व्यापाऱ्याच्या घरच्या, हौशी बाई. मी धुळ्याच्या कापडवाल्यांची कळल्यावर लागल्या विचारायला, यंदा काय निघालंय? मग काय, मला तेच पाहिजे. मी सांगितलं, जळगावात आता शिकलेल्या पोरी नऊवारी टाकून पाचवारी गोल पातळं नेसतात, पोलक्याला फुग्याच्या बाह्या लावतात, आणि पुढच्या वर्षी हे तुमच्या बोदवडातही येईल, बघा. आमच्याकडे गिरणीतून नव्या मोसमाचा पहिला नग आला की आधी मी नेसते. मी देवळात जाऊन आले की आठ दिवसांत निम्मं धुळं तेच मागायला दुकानात. बायका अगदी कान देऊन ऐकत होत्या, आणि मीही जरा फुगलेच होते, खोटं कशाला बोलू.

‘मग यंदा संक्रांतीला काय?’ बेबाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं, ‘काळी चंद्रकळा, काठाला हिरवे राघू, चोची लाल. पण एकच नग आला. आमची स्वारी म्हणाली, डाग पडलाय, परत धाडला. त्यामुळे यंदा ती साऱ्या खानदेशात कुणाच्या अंगावर दिसायची नाही.’

बेबाबाई माझ्या खांद्यावरून वर बघत म्हणाल्या, ‘अहो, मग ही काय?’

मी वळून पाहिलं. वरच्या पायरीवर एक बाई आमच्याकडे पाठ करून चपला काढत होती. काळी चंद्रकळा. हिरवे राघू. लाल चोची. वर फुग्याच्या बाह्यांचं पोलकं.

देवाशप्पथ सांगते, पहिल्यांदा माझ्या मनात नको तेच आलं. आता या वयात तुम्ही चोपड्याला कुणी ठेवली आहे, असं आलं! दर दिवाळीला आणि दर संक्रांतीला चोपड्याच्या बाजाराला जाता, दुकानातल्या सुपडूनानांच्या काखेत एक पुडकं असतं, ‘गिऱ्हाइकाचं आहे’ म्हणता. पाच वर्षांचं एकेक पुडकं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पारव्या रंगाचं पातळ, ‘उंदरांनी कुरतडलं.’ जांभळं रेशीमकाठी, ‘गिरणीनं परत मागवलं.’ आणि मी येडी प्रत्येक वेळी हळहळले!

माझे गुडघे दुखायचे थांबले की काय कोण जाणे, मी ओल्या पायांनी तरातरा वर गेले. तिच्या पदराचं आतलं टोक धरलं. पहिल्या नगाला तुम्ही कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारता ना, मला ओळखता यावा म्हणून? ती होती. मी पदर खेचला आणि म्हटलं, ‘कोण गं तू भवाने?’

ती वळली.

‘आई, हळू. फाटेल ना.’

अहो, ती होती. आपली. आपल्याला देवानं एकच दिली, ती. पोट पुढे आलेलं, सातवा महिना. चेहरा माझ्या सासूबाईंसारखा झालाय आता, हनुवटी अगदी तीच. माझ्या हातातून पदर सुटला, पाय सटकला आणि मी लुगड्यासकट दोन पायऱ्या खाली कुंडात. फार लागलं नाही, घाबरू नका. भिकुबाई धावल्या, ‘काय व्हयनं वं वहिनी?’ म्हणून ओरडल्या आणि तिला बघून त्यांचंही तोंड उघडंच राहिलं. ती पोटुशी पोर कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि तिनं मला हाताला धरून बसवलं. नव्या चंद्रकळेचा काळा रंग पाण्यात उतरत होता आणि मी मेली तेवढ्यात म्हटलं, ‘रंग कच्चा आहे गं, मीठ घालून भिजवायची नाहीस का आधी?’ पाच वर्षांत लेकीशी बोललेलं माझं पहिलं धड वाक्य हे.

मग तिनं सगळं सांगितलं. तुम्ही चोपड्याला जाता. तिच्या घराची पायरी चढत नाही. समोरच्या चिवड्याच्या दुकानात बसता, सुपडूनाना पुडकं देऊन येतात, ती दारात येऊन ते हातात घेते तेवढं बघता आणि निघता. एक शब्द नाही. अभिमन मास्तरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, एकदा हात जोडून बोलावलं तर तुम्ही मान फिरवलीत. आणि यंदा सुपडूनानांकडून निरोप, ‘पंचमीच्या आदल्या दिवशी उनपदेवला जा, हीच नेसून जा.’ का, ते सांगितलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं, मला माणूस नाही दिसलं तरी कापड कोसभरावरून दिसतं.

केवढा हा कावेबाजपणा! मी हसू की कपाळ बडवून घेऊ? तिनं जातीबाहेर नोंदणीचं लग्न केलं त्या दिवशी परसातल्या दगडावर बसून अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ कुणी केली? ‘मुलगी मेली, या घरात तिचं नाव काढायचं नाही,’ कोण म्हणालं? मी नाही. मी फक्त बादली भरून दिली. आणि पाच वर्षं नाव काढलं नाही. देवापुढे सुद्धा नाही.

आता जे लिहिते आहे ते तिनं तुम्हाला कधीच सांगितलं नाही. ती म्हणाली, पुढेही सांगणार नाही. म्हणून मीच सांगते.

दोन वर्षांमागं गौरी बसल्या होत्या त्या दुपारी तुम्ही दुकानात होता. मागच्या दारी कडी वाजली. उघडलं तर ती. एकटीच, चोपड्याहून आलेली, तोंड उन्हानं लाल झालेलं. म्हणाली, ‘आई, आत येत नाही. गौरी बघते दारातून, आणि घोटभर पाणी दे.’ मी तिला म्हटलं, ‘तुझ्या बाबांनी पाहिलं तर माझी धडगत नाही. जा.’ आणि दार लावलं. पाणी दिलं नाही हो मी. भाद्रपदाच्या उन्हात, सणाच्या दिवशी, पोटच्या पोरीला पाणी दिलं नाही. दाराला पाठ लावून बसले, ती बराच वेळ उभी होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, डोळे का सुजलेत? मी म्हटलं, चुलीचा धूर.

तुमच्या धाकानं मी दगड झाले आणि तुम्ही माझ्या पाठीमागं तिला पातळं नेसवत होता. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर? सत्तावीस वर्षं एका ताटातलं खातो आपण. मी तुमच्यावर एवढी रागावले आहे की समोर असता तर काय बोलले असते देव जाणे. आणि स्वतःवर त्याहून जास्त.

आता नीट ऐका. तिचं पहिलं बाळंतपण आहे. मास्तरांची आई नाही, घरात दुसरी बाई नाही. मी म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, ‘बाबा दारात उभे राहून मला नावानं हाक मारतील तरच उंबरा ओलांडीन. सुपडूनानांच्या हाती निरोप आता नको.’ तुमचीच मुलगी, हट्ट कुठून आला ते विचारायला नको. तिच्याबरोबर आलेल्या मास्तरांनी मात्र लगेच होकार दिला. फार सरळ माणूस आहे.

मी भिकुबाईंना विचारलं, मेलेल्या माणसाला परत घरात घ्यायची रीत काय? त्या म्हणाल्या, अशी रीत कोणी ऐकलीये? मग मीच ठरवलं. तुम्ही कपड्यांनिशी आंघोळ करून तिला घालवलीत. मी काल लुगड्यासकट कुंडात पडले, तिनंच मला हाताला धरलं. माझं सुतक फिटलं. तुमचं तुम्ही बघा.

मंगळवारी दिवसाउजेडी मोटारीनं आम्ही तिघी धुळ्याला उतरू. मागच्या दारानं नाही, पेठेतून, दुकानावरून, पुढच्या दारानं. कोण काय म्हणतं ते मी बघून घेईन. संक्रांतीला हळदीकुंकू होईल, आणि यंदाची चंद्रकळा धुळं तिच्या अंगावर बघेल. रंग थोडा उतरलाय, असू दे. तुम्ही भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे राहा. पाणी भरपूर असू द्या, तिला आधी प्यायला द्यायचं आहे.

हाक मारताना जीभ अडखळेल, मला माहीत आहे. माझीही काल अडखळली. म्हणून आधी मी इथं लिहून ठेवते, मंगळवारपर्यंत रोज वाचून सवय करा. प्रमिला. प्रमिला. प्रमिला.

प्रमिला झाल्यापासून तुम्हाला जे म्हणायचे आणि पाच वर्षं जे म्हणता आलं नाही, त्याच नावानं आज हे पत्र पुरं करते.

प्रमिलेचे बाबा, दार उघडं ठेवा.

तुमची,
प्रमिलेची आई