शिरेतला वायू आणि द्वारकाचा डबा

५ डिसेंबर, सकाळ
भवानीनगरला घरी परतलो. ऊस भरताना ट्रॉलीचा हूक गुडघ्यामागं बसला आणि उजव्या पायाची रक्तवाहिनी फाटली. बारामतीच्या डॉक्टरांनी डाव्या पायातली शीर काढून तिथं जोडली. बजावलं, तंबाखू बंद, नाहीतर शीर बुजेल, मग पाय वाचवणं कठीण. चंची त्यांच्यासमोरच फेकली. निवृत्त सायन्स मास्तर आहे मी. निर्धार म्हणजे निर्धार.
बायकोनं, द्वारकानं, जास्तच केलं. लग्नाआधीपासून मिश्री लावणारी बाई, पण माझ्या पायासाठी तिनंही सोडली. नरसिंहपूरच्या देवाला शब्द दिला म्हणे.

९ डिसेंबर
श्रेयाचा पुण्याहून फोन. लेक बायोटेक शिकते. म्हणाली, शिरेचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं, त्यानं शीर मोकळी राहते. कापून जोडली की अस्तर दुखावतं, वायू कमी पडतो, भिंत जाड होते. तंबाखूनं आणखीच. आता जोडायच्या आधीच शिरेत वायू बनवणारा जीन घालायचे प्रयोग चाललेत. सशांवर. म्हटलं, माझं नाव लावून ठेव. म्हणाली, पप्पा, तुमची शीर जोडून झाली. हा तपशिलाचा भाग.

१४ डिसेंबर
बिटाचा रस सुरू. बिटातल्या नायट्रेटपासूनही तो वायू बनतो. द्वारका पहाटे किसते, पिळते. हात लालभडक. मी पितो. आत वायू तयार होतोय, स्पष्ट जाणवतं. शेजारचा दत्तोबा म्हणाला, मास्तर, ढेकर हाय ती. अडाणी.

२ जानेवारी
दाढ ठणकली. फडताळात द्वारकाचा मिश्रीचा डबा पडून होता. बोटभर लावली. मिश्री म्हणजे दंतमंजन. लावायची, थुंकायची. तंबाखू तव्यावर जाळल्यावर तिच्यात राहतंय काय? ठणका थांबला. डबा तिचा, म्हणून तेवढं मनाला लागलं.

११ जानेवारी
दाढ दुखत नाही. तरी खबरदारी म्हणून दिवसातून चारदा. वास जावा म्हणून माउथवॉश आणला.

१९ जानेवारी
श्रेयाला सहज विचारलं, माउथवॉश चांगला ना? म्हणाली, अजिबात नको, त्यानं तोंडातले जंतू मरतात, आणि बिटातल्या नायट्रेटवर पहिलं काम तेच जंतू करतात. म्हणजे द्वारकाची पहाटेची मेहनत मी रोज मोरीत थुंकत होतो. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.
कडक निर्णय : माउथवॉश कायमचा बंद. मिश्रीवर बडीशेप.

८ फेब्रुवारी
पोटरी चालताना भरून येते. थंडी असेल. द्वारका तेल चोळत बसली, हातावरचा बिटाचा रंग आता जात नाही. मला तिच्याकडं बघवेना. उद्यापासून मिश्री बंद. पक्कं.

९ फेब्रुवारी
अमावास्या. सोमवारपासून.

११ मार्च, संध्याकाळ
बारामतीला तपासणी. डॉपलर केलं. जोडाजवळ शीर अरुंद झालीय. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू? मी म्हणालो, त्याच दिवशी फेकली. खरंच आहे ते.
तेवढ्यात द्वारका रडायला लागली. म्हणाली, सायब, माझ्यामुळं झालं. संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले, तितं बायांनी लईच आग्रह केला, एकडाव मिश्री लावली. शबुद मोडला म्हून ह्यांची शीर बुजाया लागली. डॉक्टर म्हणाले, मावशी, तुम्ही लावल्यानं ह्यांची शीर बुजत नाही. ह्यांनी लावली तर बुजेल, मिश्री म्हणजे तंबाखूच. मग माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र पाहिलं.
एसटीत ती पदर तोंडाला लावून बसली होती. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. घरी गेल्या गेल्या सगळं सांगायचं ठरवलं. एवढं सांगायचं तर धीर हवा, म्हणून आधी मोरीकडं गेलो.
ती मागं आली. डोळे सुजलेले. म्हणाली, उद्या नरसिंहपूरला जाऊन नाक घासते, तुमी तेवढं मला माफ करा.
सांगायला तोंड उघडणार होतो. तोंडात मिश्री होती. मान डोलावली.