डिस्क थांबली ती दुपार

अहो आई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा बोलले नसेन इतकं मी आता तुमच्याशी मनात बोलते; आज कागदावर बोलते. बदलापूर गावातलं आपलं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत कमरेखाली लुळ्या पडलेल्या तुम्ही, आतल्या खोलीत मी आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या बाजारातून सुटे भाग जुळवून आणलेला कॉम्प्युटर. तुमचा मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात. सकाळी त्याने दार ओढून घेतलं की संध्याकाळपर्यंत आपण दोघी एकमेकींच्या ताब्यात. एका कापडवाल्याची वेबसाइट मी घरून सांभाळायचे. तुमची कूस बदलायला, भांडं द्यायला मध्येच उठावं लागे, म्हणून मशीन दिवसभर चालूच. त्याची हार्ड डिस्क जुनी, सारखी घूं घूं करायची. "ते जातं बंद कर गं, डोकं भनभनतं," तुम्ही म्हणायचात, आणि मला तो टोमणा वाटायचा.

कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालायचा. काही वेळ काम नसलं तर डिस्कने फिरायचं थांबावं, अशी कमांड त्यात देता येते. मी दिली. डिस्क थांबली आणि जरा वेळाने खर्रकन पुन्हा उठली. तुम्ही दचकलात. हिला उठवतंय कोण, ते मी शोधत बसले. सिस्टीम आपल्या बारीकसारीक नोंदी डिस्कवर लिहीत होती. नुसती फाइल वाचली तरी वाचल्याची वेळ लिहीत होती. त्यातलं जमेल ते बंद केलं, उरलेलं मेमरीत साठवून बऱ्याच वेळाने एकदम लिहायला लावलं. मग एका दुपारी जेवणं झाल्यावर डिस्क थांबते आणि थांबूनच राहते. घर इतकं शांत, की शेजारच्यांचं घड्याळ ऐकू येतं. मला वाटतं, जिंकले.

"बाय, हायेस ना?" तुमची हाक येते.

"आहे की."

थोड्या वेळाने परत हाक. मग परत. शेवटी मी चिडून बाहेर येते, तर तुमचे डोळे भरलेले.

"मला वाटलं, तू गेलीस."

"मी कुठे जाणार?"

"मी गेलते एकदा. तुझा नवरा रांगत होता तवा. पिशवी घेऊन टेशनापर्यंत. परत आले, कुनाला कळलंबी नाय." मग भिंतीकडे बघत म्हणालात, "त्या घूं घूंवरनं कळतं, तू आत हायेस."

मी आत गेले, डिस्क थांबण्याची सेटिंग काढून टाकली. डिस्क फिरू लागली, तुम्हाला झोप लागली. तुम्ही त्या दिवशी कुठे निघाला होतात, हे मी कधीच विचारलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक लिहून टाकते. त्याच आठवड्यात मला ठाण्याच्या एका ऑफिसात मुलाखतीला बोलावलं होतं. मी गेले नाही. तुम्हाला सांगितलंही नाही. तुम्ही 'जा' म्हणाल, याचीच मला भीती वाटत होती.