आजोबांचं रिठ्याचं पाणी

नातीच्या आजीला नातीच्या आजोबांचा सप्रेम नमस्कार.

फोनवर तुला सांगितलं नव्हतं, पण बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले होते. बाळ झोपेना, सूनबाई रडकुंडीला आली. डॉक्टर म्हणाले, कपड्यांची पावडर सोसत नसेल, बदलून बघा. तेव्हा मला तू बॅगेत कोंबलेले रिठे आठवले.

जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस मी. रिठे फोडून बिया काढल्या, साली रात्रभर भिजवून सकाळी उकळल्या. फेस उतू गेला आणि शेगडीला अंघोळ घडली. पहिल्या खेपेला पाणी गाळायचं राहिलं, दुपट्यांवर तपकिरी ठिपके पडले. दुसऱ्या खेपेला फडक्यातून गाळलं, आणि गड सर झाला. आठवडाभरात चट्टे गेले.

सूनबाई म्हणाली, "बाबा, आता बाळाचे कपडे तुमच्याकडेच." हे ऐकून चिरंजीवांनी आपले मोजे पुढे केले. ते मी परत केले.

तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नकोस. एकटीसाठी कशाला, म्हणून जेवण टाळत नाहीस ना?

बाळ माझ्या मांडीवर गाढ झोपलंय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. पायाला मुंग्या आल्यात, पण मी हलणार नाही.

तुझाच