दर्याला दाखवलेले बावटे

पप्पा, चर्चचे नवे फादर परवा घरी येऊन गेले. तरुण आहेत, वसईकडचे, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. चहा संपेपर्यंत त्यांनी माझ्या गुडघ्यांची, माडांची, मुंबईतल्या नातवंडांची चौकशी केली आणि मग हळूच विषय काढला. आपल्या चर्चच्या स्काउट पथकाचा इतिहास लिहून काढायचा आहे. पथक तुम्ही उभं केलंत, तेव्हा तुमच्यावर दोन पानं मी लिहावीत. "काही खास आठवण असेल तर तीही लिहा," म्हणाले. माझे कान लगेच टवकारले. खास म्हणजे काय? ह्यांच्या कानाशी कोण लागलं? मी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, तर ते आपले बिस्किट चहात बुडवत होते. हो म्हटलं आणि त्यांना वाटेला लावलं. आज दोन पानं लिहायला बसले आणि फादरना लिहायचं सोडून तुम्हालाच लिहिते आहे.

पथक कसं सुरू झालं ते मला आठवतं. तेव्हाचे म्हातारे फादर मुंबईहून स्काउटचं पुस्तक घेऊन आले होते. त्यांना वाटायचं, आपली तरुण पोरं बोटीवर नाहीतर मुंबईला नोकरीला जाणारच, तर जायच्या आधी त्यांना थोडं वळण लागावं, दारूच्या वाटेला जाऊ नयेत. तुम्ही चर्चच्या शाळेत मास्तर, म्हणून ते काम तुमच्या गळ्यात पडलं, आणि पडलं ते तुम्हाला आवडलंही. खाकी चड्डी घालून तुम्ही पहिल्यांदा बाहेर आलात तेव्हा मांय पदरात तोंड घालून हसत होती. मुलींना पथकात जागा नव्हती. पण बावट्यांनी अक्षरं दाखवायची विद्या आधी तुम्हालाच येत नव्हती, आणि पोरांसमोर फजिती नको, म्हणून तुम्ही माझ्यावर सराव केलात. तुम्ही चुलीपाशी, मी मागच्या दारात, दोघांच्या दोन्ही हातांत डवल्या. मांय ओरडते आहे की आमटी ढवळायला एक तरी डवली ठेवा, आणि तुम्ही तिच्या डोक्यावरून मला इंग्रजी अक्षरांत माझंच नाव दाखवता आहात. मी सतरा-अठरा वर्षांची होते. तुमच्या सगळ्या पोरांआधी ती अक्षरं मला येत होती. खरे बावटे, लाल-पिवळे, तेही मीच शिवले. आणि नियम पाठ करून घ्यायचात तोही लक्षात आहे. स्काउटचा शब्द म्हणजे विश्वासाचा शब्द. तो दिला की पुन्हा विचारायचं नाही.

मग गोव्याची वाट बंद झाली. गोवा अजून पोर्तुगिजांकडे, आपण इकडे, आणि तुमची आई पलीकडे. व्हडली मांय तेरेखोलच्या खाडीपल्याड तुमच्या धाकट्या भावाकडे होती. तोवर सणाला, फेस्ताला जाणं-येणं होतं, ते एकदम तुटलं. पत्रं यायची ती कुठून कुठून फिरून, फोडून पुन्हा चिकटवलेली. गावात वारं फिरलं. आपण पिढ्यान् पिढ्या इथलेच, पण चर्चला जाणाऱ्यांकडे लोक जरा तिरके बघायला लागले. त्यात तुमची पोरं गणवेश घालून दर्याकाठी बावटे हलवणार म्हटल्यावर काय बोलायला नको. शेजारची काकी, जिने माझ्या लहानपणापासून आपल्या दारात मासळीची टोपली सर्वांत आधी उतरवली, तिचा मुलगाही पथकात होता. एक दिवस टोपली न उतरवताच तिने मला विचारलं, "गो बाय, तुझो बापूस दर्याक बावटे कोणाक दाखयता?" मी म्हटलं, पोरांना शिकवतात. "आनी डाव्या हातान हात मिळवूक कित्याक शिकयतत? आज डावो हात धरूक लावतत, उद्या डाव्या हातान जेवक लावतले." स्काउट डाव्या हाताने हात मिळवतात, ती त्यांची रीत, हे मी तिला परोपरीने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला घरी ठेवलं. मी तिच्याशी कडकडून भांडले. माझ्या बापावर संशय घेते म्हणजे काय? तिने आपल्या दारावर येणंच सोडलं आणि आम्ही बाजारातून शिळे बांगडे आणून खाऊ लागलो.

आता ते सांगते, जे फादरना सांगणार नाही. बांगड्याचे दिवस होते. सरावाला तुम्ही पोरांच्या दोन तुकड्या करत होतात, एक खाली पुळणीच्या वाळूवर, दुसरी चर्चच्या पायऱ्यांवर. त्या दोघी एकमेकींकडे तोंड करून अक्षरं दाखवायच्या. तुम्ही मात्र लांब, काळ्या खडकाच्या टोकाला जायचात. पोरांना सांगायचात की तिथून मला सगळं नीट दिसतं. आपल्या घराच्या मागच्या दारातून पुळण दिसते आणि खडकही दिसतो. मी कपडे वाळत घालते आहे. खडकासमोर, फार लांब नाही, एक होडी थांबली आहे. होडीत एक माणूस उभा राहतो आणि त्याच्या हातात दोन फडकी. काका, तुमचा धाकटा भाऊ. बोटीवर खलाशी होता तेव्हा तो ही विद्या शिकला होता, हे मला ठाऊक होतं. माझ्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. तो एकेक अक्षर दाखवतो आहे, शिकाऊ पोराला दाखवावं तसं सावकाश. एम, ए, आय. मग थोडं थांबून जी, ई, एल, आय. मांय गेली. त्याची आणि तुमची मांय, माझी व्हडली मांय. तुम्ही बावटे गुंडाळलेत, खडकावरून उतरलात, पुळणीवर आलात आणि एका पोराचा हात चुकला होता तो धरून सरळ केलात. मी दारातून बघत होते. पोरांना ओरडून सांगत होतात तो तुमचा आवाजसुद्धा बदलला नव्हता.

म्हणजे काकी म्हणत होती ते खरं होतं. तुम्ही पलीकडच्या होडीशी बोलत होतात. आईची खबर विचारत होतात, हे मला कळलं, मी काही दगड नव्हे. पण आणखी काय विचारत होतात, काय सांगत होतात? मी एकाच दिवशी बघितलं, तेही शेवटचं. त्याआधी तुम्ही किती वेळा त्या खडकावर गेला होतात. तेव्हा ह्या किनाऱ्यावर रात्रीबेरात्री पलीकडून चोरीछुपे काय काय उतरत होतं ते गावाला माहीत होतं. मी तुम्हाला विचारलं नाही, वाट बघितली. आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा ठेवावी लागली असती, तुमच्या बाहीवर काळी फीत आली असती आणि कोणीही विचारलं असतं, मास्तर, तुम्हाला कळलं कसं?

त्याच आठवड्यात फौजदार आले. पडवीत खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर. तुम्ही त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलत होतात, शाळेतल्यासारखं. "मास्तर, तुमच्याबद्दल तक्रार आहे. समोरच्या होडीत कोण होतं?" तुम्ही म्हणालात, "मुलांचा सराव चालतो साहेब. होड्या येतात नि जातात, त्यांच्याशी आमचं काही बोलणं नसतं." ते म्हणाले, "नक्की?" आणि तुम्ही म्हणालात, "स्काउटचा शब्द देतो." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. फौजदारांनी विश्वास ठेवला, बावटे तेवढे बरोबर नेले, आणि पथक बंद ठेवा म्हणून फादरना सांगून गेले. ज्या शब्दावर तुम्ही पोरांना उभं केलं होतंत, तो शब्द तुम्ही माझ्यादेखत खोटा दिलात. त्या दिवसापासून तुमचं साधं बोलणंही मी तपासून घ्यायला लागले. बाजारात गेलो होतो म्हणालात की मी पिशवीत बघायची.

व्हडली मांय गेल्याचं पत्र आलं ते दोन महिन्यांनी. पोस्टमनने पडवीत दिलं, तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत आणि मटकन खाली बसलात. मग जे रडलात, ते लहान पोर रडावं तसं, नाक पुसायचंही भान नाही. शेजारीपाजारी धावले. किती दिवसांनी काकी आली, तुमच्यासमोर बसून तीही रडली. आणि मी काय विचार करत होते? काय नाटक करतो हा माणूस. दोन महिने माहीत असलेली गोष्ट आज ऐकल्यासारखी रडतो. ज्याला हे जमतं त्याला काय जमणार नाही? मी तिथून उठून सैपाकघरात गेले. मांय ट्रंक उघडून बसली होती. तिने काळं लुगडं बाहेर काढलं, रंगवलेलं, वाळवलेलं, घडी घातलेलं. लुगडं काही एका तासात रंगून वाळत नाही. मी विचारलं, "तुका कधी कळला?"

"त्याच दिसा," मांय म्हणाली. "तेणां रातची पेज सोडली. आवस मेल्याबिगर ह्यो माणूस पेज सोडूचो नाय."

"तेणां तुका सांगल्यान?"

"नाय. मियां इचारूक नाय." आणि मी बाहेर बघून तोंड वाकडं केलं तशी ती म्हणाली, "रडांदे तेका. दोन म्हयने थांबलो हा."

हे तिने मला तेव्हाच सांगितलं होतं, पप्पा. मी ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, ही तुमची बायको, तुमचीच बाजू घेणार. पुढे गोवा मोकळा झाला, आपण सगळे व्हडल्या मांयच्या कबरीवर गेलो. तिथे मी काकाला बाजूला घेऊन विचारलं, होडीतून तुमचं काय काय बोलणं व्हायचं? तो हसला. "काय बोलतलंव? बांगडो खंय आसा, ता." इतक्या पटकन हसला की मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. फादरनी पथक पुन्हा सुरू केलं, पोरं बोलवायला आली, तुम्ही गेला नाहीत. कारण विचारलं तर गुडघे म्हणालात. तुमचे गुडघे ठणठणीत होते. तेव्हा मला तेही लपवाछपवीतच जमा वाटलं. आता वाटतं, तो शब्द खोटा दिल्यावर तुम्हाला पोरांसमोर उभं राहवेना. पण हे मला आत्ता वाटतं आहे, आणि मला काय वाटतं त्याचा तुम्हाला आता काय उपयोग?

फादर उद्या येतील. त्यांच्यासाठी मी वेगळी दोन पानं लिहिली आहेत. त्यात तुम्ही शिस्तीचे आहात, पोरांचे लाडके आहात, बावटे आहेत, खडक नाही. त्यांनी खोदून विचारलं तर मी म्हणेन, होड्या येतात नि जातात. हे पत्र माझ्यापाशीच राहील.

आणि एक. खडकावरून तुम्ही दुसरं काही सांगितलं नसणार, हे मला बऱ्याच वर्षांपूर्वी कळून चुकलं आहे. तरी मी संशय सोडत नाही. संशय सोडला की तुमच्याशी भांडायला निमित्त राहणार नाही, आणि भांडल्याशिवाय तुमचा चेहरा मला नीट आठवत नाही.