बुवा येईपर्यंत थांबलेलं भजन

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन तिसरं वर्ष लागलं आणि पत्र लिहायला मला आज सवड झाली. आज कंपनीत रजा टाकली. ताप नाही, काही नाही, नुसता थकवा. बायको म्हणाली, पडा जरा. पडलो, पण झोप येईना. जे मनात आहे ते मंडळातल्या कुणाला सांगता येत नाही. तिथे तुमच्या जागी मी आता बुवा आहे ना. मग तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तुमच्यामागे आपलं भजनी मंडळ मी वाढवलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. विक्रोळीतून पार मुलुंडपर्यंत बोलावणी येतात. पेटी मला कुणी शिकवली नाही, तुम्हीसुद्धा नाही. ऐकून ऐकून बोटांत बसवली. म्हणूनच सूर जरा हलला की माझ्याने गप्प बसवत नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावायची, तीही बेताचीच हवी. जास्त झाली की आवाज दबतो, कमी झाली की खर्ज लागत नाही. पखवाज वाजवतो वसंता, पण कणीक लावतो मी. एकदा त्याने लावली होती. मी ती सगळ्यांदेखत खरवडून काढली आणि नव्याने लावली. त्यानंतर कुणी हात लावायला गेलं नाही. मला वाटलं, शिस्त आली.

त्यात आता देवळाच्या कमिटीवरही मीच. गाभाऱ्यात नवी फरशी बसतेय. गवंडी म्हणतो उतार बरोबर आहे, मी पाणसळ लावून बघितली तर पाणी देवाच्या पायांकडे वाहणार! मी बघितलं नसतं तर कुणी बघितलं असतं, सांगा? गेल्या शनिवारी संध्याकाळी त्याला उकरायला लावून पुन्हा बसवून घेतली. देवाचंच काम होतं, आप्पा. घरचं नव्हतं.

पण त्याच संध्याकाळी मानखुर्दला वसंताच्या घरी भजन होतं. त्याची आई, आपली काकी, आता अंथरुणातून उठत नाही. तिनेच मागून घेतलं होतं, एकदा घरात भजन होऊ दे म्हणून. मी पोचलो तेव्हा खोली माणसांनी भरलेली, टाळ पुढ्यात, पेटी उघडलेली, आणि सगळे गप्प. चहाचे कप रिकामे. पखवाज कणकेवाचून कोरडाच आडवा पडलेला.

मी विचारलं, अजून सुरू का नाही केलंत?

शांताराम टाळवाला तोंडाचा फटकळ, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाला, "नवरदेवाशिवाय वरात काढायची काय बुवा? मग तुम्हीच ओरडणार."

हसले सगळे. मीही हसलो आणि कणीक मळायला बसलो. सूर लागला, भजन चांगलं झालं, अगदी मला हवं तसं झालं. काकीला मात्र तोवर गोळीची झोप लागली होती. तिने एक अक्षर ऐकलं नाही.

निघताना वसंता खाली रस्त्यापर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, "बुवा, आई सारखी विचारत होती, देव रागावला काय रे माझ्यावर? मी म्हटलं, नाय गं, बुवांची वाट बघतायत."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आप्पा. असता तर मी उत्तर दिलं असतं.

तुमची एक गोष्ट मला कधी पटली नव्हती. आत भजन रंगात आलेलं असायचं आणि तुम्ही बुवा असून बाहेर गॅलरीत. गिरणी बंद पडलेला कुणी, बायको माहेरी गेलेला कुणी, त्याच्याशी तंबाखू मळत बोलत बसायचात. आत ताल सुटायचा. मी दातओठ खायचो. एकदा बाहेर येऊन म्हटलंच, आप्पा, आत काय चाललंय ऐकताय ना? तुम्ही शांतपणे म्हणालात, "ऐकतंय रे. चुकतत, पण गातत ना? वेळ देवाचो. आपल्याक नुसतो चार माणसांत वाटूक दिल्यान."

मला तेव्हा वाटलं, आळशी माणसाची पळवाट आहे ही. खरं सांगतो, तसंच वाटलं. आणि थोडा राग अजूनही आहे. एवढं कळत होतं तर मला बसवून नीट समजवायचं होतं. मी काय ऐकलं नसतं? कदाचित नसतं.

माझा वेळ माझा, मी तो देवाला देतोय, असा माझा रुबाब. पण त्या खोलीत बसलेल्यांचा वेळही मी घेऊन ठेवला होता. काकीचासुद्धा. तिच्याकडे तो किती उरलाय?

येत्या शनिवारी घाटकोपरला भजन आहे. वसंताला सांगितलं, तू मंडळ घेऊन जा, सुरुवात तुम्हीच करा, मी येणार नाही. तोवर तुझ्या आईजवळ मी बसतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, बुवा, बरं आहे ना तुम्हाला?

तर आप्पा, शब्द देतो. शनिवारी मी मानखुर्दला काकीच्या उशाशी असेन, पेटी न घेता. तिला हवं असेल तर दोन अभंग म्हणेन, नको असेल तर नुसता बसेन, आणि घाटकोपरला काय चुकलं ते नंतर कुणाला विचारणार नाही. कान मात्र तिकडेच लागतील. तेवढं सांभाळून घ्या.

तुमचाच,
यशवंत