पंखा मी बसवला होता

मी, धक्क्यावरचा मोटरमिस्त्री, वय बहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके शाबूत आहे. काल डॉक्टरांनी वार, महिना आणि नातवंडांची नावे विचारली. सगळी बरोबर आली. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायकोचा आहे, पण तो पंचेचाळीस वर्षांचा जुना आहे, आणि कायद्याला चालतो असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व मागचा ओटा, आणि बँकेतली ठेव बायकोच्या नावे. तिच्या हयातीत तिच्यापुढे कोणी वाटणीचा शब्द काढू नये.

२. शेड आणि सगळी हत्यारे मुलीला. जावयाला नव्हे. तो पान्यांचा डबा उघडून नुसता बघत बसतो; ती आवाजावरून मोटरचे दुखणे ओळखते.

३. समोरच्या सुताराने नेलेले ड्रिल अकरा वर्षांत परत आलेले नाही. ते त्याला बक्षीस दिले आहे. निदान मला पोचवायला तरी तो मान वर करून येईल.

४. शेडमधली जुनी होडी आणि तिच्या पाठीला लावायची मोटर धाकट्या भावाला द्यावी. याचे कारण लिहिणे भाग आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी भाऊ या होडीतून उतारू नेत असे. रिकामी होडी ही मोटर मुकाट ओढायची. माणसे भरून वेग दिला की मात्र नुसतीच किंचाळायची, होडी पुढे सरकायची नाही. भाऊ म्हणाला, "दादा, ओझं पडलं की काहीतरी घसरतंय. एकदा पाण्यातला पंखा खोलून बघ ना." मी चारचौघांत म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं. गिअर आपटत टाकतोस, मग दुसरं काय होणार?" चौथ्या दिवशी भरलेली होडी प्रवाहात सापडून पुलाच्या खांबावर आदळली. एका बाईचा पाय कायमचा अधू झाला. भावाचा परवाना गेला.

त्यानंतर मी पंख्याच्या मधल्या नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढली, होडी धक्क्याला घट्ट बांधली आणि मोटर जोरात चालवली. थांबवून पाहतो तर रेघेचे दोन तुकडे, मध्ये चार बोटांचे अंतर. म्हणजे आतली नळी फिरत होती आणि पंखा मागे राहत होता. या दोहोंच्या मध्ये एक रबरी बुश असतो. तो साबणाचे पाणी लावून दाबून बसवायचा. पाणी वाळले की रबर घट्ट धरते. अपघाताआधी त्याच महिन्यात मी तो घाईने ग्रीस लावून बसवला होता. ग्रीस वाळत नाही.

मी दार लावून नवा बुश बसवला आणि सगळ्यांना सांगितले की गिअर दुरुस्त केला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर मी होतो. भावाने पुन्हा सुकाणू धरले नाही. तो गोदामात पोती उचलत राहिला. मला याची लाज रोज वाटली, पण तोंड उघडायचे धैर्य झाले नाही. सबब, <s>माझ्या मृत्यूनंतर</s> हे कलम धक्क्यावर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे.

५. (सहीपूर्वी वाढवलेले.) वकीलबाईंनी विचारले, "भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो ना तुमचा? मग मरायची वाट कशाला बघताय?" म्हणून आज भावाला शेडमध्ये बोलावून वरचे कलम वाचून दाखवले. तो स्टुलावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "जुना बुश तू कचऱ्यात टाकलास ना, तो मी उचलून बघितला होता. ग्रीसनं माखलेला होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो, दादा."

जाताना तो म्हणाला, "मेल्यावर नको. रविवारी सगळे धक्क्यावर असतात. तूच वाच."

सबब, कलम चारमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी खोडले आहेत. पाय अधू झालेल्या बाईंनाही निरोप धाडला आहे. येत्या रविवारी सकाळी मी स्वतः उभा राहून वाचेन.

लिहून ठेवणार: मोटरमिस्त्री (सही)
साक्षीदार: १. शाळेतले निवृत्त मास्तर (सही) २. तिकीटखिडकीवरच्या बाई (सही)
ठिकाण: धक्क्यालगतची दुरुस्तीची शेड
दिनांक: ९ फेब्रुवारी, गुरुवार